सील न तुटलेली बाटली: कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू, विद्या परिषदेचे सर्व सदस्य आणि प्लेसमेंट सेलचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

यंदा पदवी घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी तुमच्याकडे एक अर्ज केला होता. मागणी लहानशी होती. पदवीप्रदान समारंभाच्या दिवशी ज्यांची इच्छा असेल त्यांना एका कार्डावर सही करता यावी आणि गाउनवर हिरवी फीत लावता यावी, एवढीच. कार्डावर एकच वाक्य असणार होतं: मी जी नोकरी धरण्याचा विचार करेन तिचे समाजावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतात हे जाणून घेईन, ते विचारात घेईन आणि जिथे काम करेन तिथे या बाबतीत सुधारणा करण्याचा प्रयत्न करेन. व्यासपीठावरून कोणी काही वाचून दाखवणार नव्हतं. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. कार्डांचा आणि फितींचा खर्चही मुलंच करणार होती.

दोन महिन्यांनी तुमचं चार ओळींचं उत्तर आलं. समारंभाचं गांभीर्य राखणं आवश्यक आहे. अशा उपक्रमामुळे भरतीसाठी येणाऱ्या कंपन्यांचा गैरसमज होऊ शकतो. विद्यार्थ्यांनी अशी प्रतिज्ञा वैयक्तिक पातळीवर घ्यावी. सबब विनंती मान्य करता येत नाही.

'सबब' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. तुमच्या पत्रात दोन्ही लागू पडतात.

मुलांनी ते उत्तर मला पाठवलं, कारण मी तुमचीच माजी विद्यार्थिनी आहे आणि त्यांचा अर्ज लिहायला मी मदत केली होती. त्यांना गप्प बसणं भाग आहे. अजून गुणपत्रिका तुमच्या हातात आहेत. माझी कधीच मिळाली आहे, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध काय ते सांगते.

रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर पहिली नोकरी मला तुमच्या प्लेसमेंट सेलमधूनच लागली. एका कारखान्यात, सांडपाणी प्रक्रिया विभागात. त्याला सगळे ईटीपी म्हणतात, आणि ज्याच्यावर साहेबाची मर्जी नसते त्याला तिथे पाठवतात, हे मला रुजू झाल्यावर कळलं. काम साधं होतं. बाहेर सोडायच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे, आकडे लॉगबुकात चढवायचे. आकडे प्रयोगशाळेतला सहायक लिहायचा. 'तपासले' या रकान्यात सही माझी असायची.

त्या आकड्यांत एक असतो सीओडीचा. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल, याचा तो अंदाज. त्यासाठी नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लासोबत दोन तास तापवावा लागतो, मग टायट्रेशन. वेळखाऊ चाचणी आहे, तोंडपाठ करावी लागते, आणि मला होती. नवव्या दिवशी एक चाचणी स्वतःच करून बघावी म्हणून मी कपाट उघडलं. डायक्रोमेटची एकच बाटली होती आणि तिचं सील तुटलेलं नव्हतं.

लॉगबुकात मात्र मागच्या सात महिन्यांचे सीओडीचे आकडे होते. दिवसाला तीन, एकाही दिवसाचा खाडा नाही. आकडे मोठे देखणे होते. मर्यादेच्या जरा खाली, मधूनच एखादा थोडा वर, परत खाली. ज्याने लिहिले त्याला कला होती हे मान्य करायला हवं.

मी सुपरवायझरना विचारलं. ते दुष्ट नव्हते, उलट मायाळू होते, त्यांची मुलगी माझ्याच वयाची. म्हणाले, "पोरी, सही कर. तुझ्या आधीच्यानेही केली, त्याच्या आधीच्यानेही केली." मी सही केली. पुढचे अकरा महिने करत राहिले. दुसरी नोकरी मिळाली तशी निघाले आणि जाताना कुठेही चकार शब्द काढला नाही. काढला असता तर रिलीव्हिंग लेटर अडकलं असतं. ते पाणी कुठे जात होतं हे मला माहीत होतं. खालच्या अंगाला लोक राहत होते, हेही माहीत होतं.

ही गोष्ट मी आजवर दोघा-तिघांनाच सांगितली होती. आज इथे लिहिली, कारण तुमचं उत्तर वाचून मला पहिल्यांदा नीट उमगलं की तेव्हा माझ्यापाशी नेमकं काय नव्हतं. चूक म्हणजे चूक हे मला कळत होतं, त्यासाठी पदवी लागत नाही. पण बाटलीचं सील तुटलेलं नसेल तर काय करायचं, हा प्रश्न चार वर्षांत एकाही पेपरला आला नव्हता. कोणाला विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं, आधी काय लिहून ठेवायचं, हा प्रश्न विचारणारी मी पहिलीच आहे की आणखी कोणी आहे, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे मी एकटी होते. एकट्या माणसाची सही फार सहज मिळते.

आता तुमच्या पत्राबद्दलच्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार 'वैयक्तिक पातळीवर' या शब्दांबद्दल आहे. मनातल्या मनात घेतलेली शपथ मनातल्या मनात मोडताही येते, आणि मोडली हे कोणाला कळतही नाही. म्हणून तर शपथेला साक्षीदार लागतात. कॅनडात 1907 साली क्यूबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि 75 कामगार गेले. 1922 मध्ये तिथल्या हॉल्टेन नावाच्या एका अभियंता-प्राध्यापकाने नव्या पदवीधरांसाठी प्रतिज्ञेचा विधी असावा असा विचार मांडला आणि 1925 मध्ये मॉन्ट्रियलला पहिला समारंभ झाला. आजही तिथले अभियंते काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडाची किंवा स्टीलची साधी अंगठी घालतात. पहिल्या अंगठ्या त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या असं लोक सांगतात. ते खरं नाही. मला त्यातल्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, नवख्याने प्रतिज्ञा घ्यायची ती आधीच अंगठी घातलेल्या ज्येष्ठांच्या साक्षीने. आणि दुसरी, कागदावर सही करताना ती अंगठी कागदाला घासते. माझ्या करंगळीत काही असतं तर मी सही केलीच नसती, असा दावा मी करणार नाही. पण हात क्षणभर थबकला असता, आणि मला वाटतं त्या क्षणभरात बरंच काही होऊ शकतं.

'वैयक्तिक पातळी' कधी येते हेही पाहण्यासारखं आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. चाचणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जायचं. सप्टेंबर 2015 मध्ये हे जाहीर झालं. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ही करामत होती. ते सॉफ्टवेअर आपोआप उगवलं नव्हतं. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या माणसांनी बैठका घेऊन, वेळापत्रक आखून ते लिहिलं होतं. 2017 मध्ये त्यातल्या एका अभियंत्याला अमेरिकेच्या न्यायालयाने 40 महिन्यांची शिक्षा दिली. काम करताना तो कंपनीचा माणूस होता. तुरुंगात गेला तो वैयक्तिक पातळीवर.

या प्रकरणाची दुसरी बाजू तुमच्यासारख्या संस्थेने अभिमानाने सांगायला हवी. हा प्रकार उघडकीला येण्याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या संशोधन गटाने केली. त्यात विद्यार्थी होते, त्यांतले दोघे भारतातून गेलेले. मोजणीची यंत्रं गाडीत ठेवून ते कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवरून फिरले आणि जे आलं ते लिहिलं. बाटली उघडली, म्हणायचं.

दुसरी तक्रार 'गैरसमज' या शब्दाची. कसला गैरसमज? आपल्याकडे येणारी मुलगी नोकरीचे परिणाम काय होतील हे विचारेल, असं कंपनीला वाटलं तर तो समज बरोबरच आहे. ज्या कंपनीला अशी मुलगी नको, ती कंपनी तुम्हाला हवी आहे का, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही 'गैरसमज' या शब्दाखाली झाकून ठेवला आहे.

शिवाय ही भीती तपासून पाहिलेली नाही. हे कार्डावरचं वाक्य मुलांनी घरी बसून रचलेलं नाही. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठात ही प्रतिज्ञा सुरू झाली, पुढे इंडियानातल्या मँचेस्टर कॉलेजने तिचा प्रसार केला आणि अनेक विद्यापीठांत ती पदवीदानाच्या दिवशी घेतली जाऊ लागली. घ्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. काय योग्य, काय अयोग्य हेही तिच्यात ठरवून दिलेलं नाही, ते ज्याने त्याने ठरवायचं. 1990 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात अभियंत्यांसाठी आर्किमिडीजच्या नावाची शपथ आली. 2009 मध्ये, आर्थिक कोसळणीनंतर लगेच, हार्वर्डच्या व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी एक शपथ लिहिली. यांपैकी कुठल्याही संस्थेच्या दारात भरतीवाल्यांनी यायचं बंद केलं, असं माझ्या ऐकिवात नाही. फ्रान्समध्ये 2018 साली नामवंत संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी पर्यावरणाबाबत एक जाहीरनामा काढला, त्यावर 30,000 हून अधिक सह्या झाल्या. त्या गटाने पुढे मोठ्या कंपन्यांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि आलेली उत्तरं सर्वांसमोर ठेवली. लक्षात घ्या, कंपन्यांनी उत्तरं दिली. हुशार मुलं त्यांनाही हवी असतात.

'गांभीर्या'बद्दल फार लिहीत नाही. गेल्या वर्षीच्या समारंभात प्रायोजकांची चित्रफीत दोनदा दाखवली होती, आणि दुसऱ्यांदा आवाज वाढवून.

चौथी तक्रार तुमच्या पत्रात नाही, तुमच्या फाटकावर आहे. तिथे दरवर्षी मोठा फलक लागतो. सर्वोच्च पॅकेज इतकं, सरासरी पॅकेज इतकं, शेजारी हसऱ्या मुलांचे फोटो. या मुलांना जिथे पाठवलं त्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत प्रदूषणापायी दंड भरला का, त्यांच्याकडे कामावर माणसं मेली का, याबद्दल फलकावर जागा नसते. मी हेही समजू शकते, फलक जाहिरातीसाठीच असतो. पण प्लेसमेंट सेलच्या फायलीतही ही माहिती नसते. आणि त्यावर कडी म्हणजे तुमचा नियम: एकदा हातात आलेली नोकरी नाकारली तर त्या वर्षी पुढच्या कुठल्याही कंपनीच्या मुलाखतीला बसता येत नाही. म्हणजे काहीही न सांगता नोकरी हातात द्यायची आणि नंतर काही कळून मुलाने 'नको' म्हटलं तर त्याला शिक्षा करायची. जागा वाया जाऊ नयेत म्हणून तो नियम केला हे मला माहीत आहे. परिणाम काय होतो तेही तुम्हाला माहीत असावं.

आता तुमच्या बाजूचे, आणि थोडे माझ्याही मनातले, आक्षेप. विद्या परिषदेत कोणीतरी म्हणालंच असेल की कार्डावर सही करून जग सुधारत नाही. खरं आहे. चॅलेंजर यानाची गोष्ट घ्या. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, यानाचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी सांगत होते की थंडीत रबरी कडी नीट बसणार नाहीत, उड्डाण पुढे ढकला. बॉइसजोलींनी सहा महिने आधी ते लेखी कळवलंही होतं. आपसातल्या चर्चेत कंपनीच्या वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. दुसऱ्या दिवशी 73 सेकंदांत सात माणसं गेली. ज्यांनी विचारायचं ते विचारलं होतं, तरीही गेली. तेव्हा प्रतिज्ञा म्हणजे ताईत नव्हे, हे मी तुमच्याआधी मान्य करते.

पण याच्याच शेजारी फ्रान्सेस केल्सींची गोष्ट ठेवा. 1960 मध्ये त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नव्यानेच रुजू झाल्या होत्या. नवख्या म्हणून त्यांच्याकडे सोपी समजली जाणारी एक फाइल आली. थॅलिडोमाइड, झोपेचं औषध, युरोपात आधीच विकलं जात असलेलं. त्यांनी सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे असं लिहून फाइल परत केली. कंपनीने तगादा लावला, वरच्या साहेबांकडे तक्रारी केल्या. केल्सी पुन्हा माहिती मागत राहिल्या. 1961 च्या अखेरीला या औषधाने गर्भातल्या बाळांचं काय होतं ते बाहेर आलं; जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. केल्सी धीराच्या होत्या, यात वाद नाही. पण फरक आणखी एका गोष्टीत होता. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांची पाठराखण केली. बॉइसजोलींना ती मिळाली नाही. आणि सत्येंद्र दुबेंना तर साधी गुप्ततासुद्धा मिळाली नाही. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा तरुण अभियंता महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहितो, माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती करतो, आणि ते पत्र नावासकट कचेऱ्यांतून फिरतं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तपास यंत्रणेने तो लुटीचा प्रकार ठरवला. तरी नावासकट फिरलेलं ते पत्र माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून, ज्या मुलाच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे आणि घरी वाट पाहणारी माणसं आहेत, त्याला नैतिकतेचे धडे देऊन एकट्याला पुढे ढकलू नका, असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याच बाजूची आहे. 2022 मध्ये फ्रान्समधल्या एका नामवंत कृषी-अभियांत्रिकी संस्थेच्या पदवीदानात आठ जणांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की आम्हाला ज्या नोकऱ्यांसाठी तयार केलं त्या विध्वंसक आहेत, आम्ही त्या करणार नाही, तुम्हीही करू नका. ते भाषण मी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. थोड्या वेळाने मात्र मनात आलं की ज्यांना टोचणी लागते ते सगळे बाहेर पडले तर कपाट उघडून बाटली बघायला आत कोण उरेल? त्या कार्डावरच्या वाक्यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो तो यामुळे. जिथे आहे तिथे सुधारणा करण्याचा प्रयत्न. त्याला नोकरी सोडावी लागत नाही. पण त्याला पाठीशी कोणीतरी लागतं. ते कोणीतरी तुम्ही व्हावं, असं माझं म्हणणं आहे, आणि तुमच्या चार ओळींनी नेमकं तेच नाकारलं आहे.

मागण्या स्पष्ट लिहिते.

पहिली. येत्या समारंभात सभागृहाच्या आत एक टेबल द्या. सही ऐच्छिक असेल. कोणी सही केली, कोणी नाही, याची यादी कुठेही लागणार नाही आणि कुठल्याही कंपनीला दिली जाणार नाही. ज्याने केली नाही त्याला कोणी कारण विचारायचं नाही. जबरदस्तीची प्रतिज्ञा म्हणजे पुन्हा 'तपासले'च्या रकान्यातली सही.

दुसरी. भरतीसाठी येणाऱ्या प्रत्येक कंपनीला एक पानी प्रश्नावली द्या. गेल्या पाच वर्षांत पर्यावरणाच्या कायद्याखाली झालेली कारवाई, कामावरचे मृत्यू, कंत्राटी कामगारांचं प्रमाण, आणि नव्या माणसाला काही खटकलं तर त्याने कोणाकडे जायचं. उत्तरं पॅकेजच्या आकड्याशेजारी लावा. कंपनीने उत्तर दिलं नाही तर ती जागा कोरी ठेवा, पण ती कोरी जागा मुलांना दिसू द्या.

तिसरी. लेखी कारण देऊन नोकरी नाकारणाऱ्याला पुढच्या मुलाखतींना बसू द्या.

चौथी मागणी मला सगळ्यात जवळची आहे. पदवीनंतरची पहिली तीन वर्षं प्रत्येक पदवीधराला एक फोन नंबर द्या. माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येक शाखेचे चार-पाच अनुभवी लोक आणि एक वकील, एवढं पुरे. मुलगा फोन करून म्हणेल, "सर, माझ्यापुढे एक कागद आलाय, सही करू का?" पलीकडच्याने त्याला शूर व्हायला सांगू नये. काय लिहून ठेव, कोणाला कोणत्या शब्दांत विचार, कुठल्या कागदाची प्रत जपून ठेव, कुठे थांब, आणि खरंच धोका असेल तर आधी स्वतःला सांभाळ, एवढं सांगावं. माझं नाव या यादीत पहिलं घाला. माझ्या बॅचचे आणखी काही जण तयार आहेत; त्यांच्याकडेही आपापल्या बाटल्या आहेत.

पाचवी. नीतिशास्त्राचा पेपर आहे तसाच राहू द्या, दोन गुणांच्या व्याख्यांनी कोणाचं बिघडलेलं नाही आणि सुधारलेलंही नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रयोगशाळेच्या विषयात एक तास द्या. त्या तासाला आकडे कसे काढायचे हे शिकवू नका. न काढलेले आकडे कसे ओळखायचे ते शिकवा.

आणि सहावी तुमच्या स्वतःबद्दल. सीओडीच्या चाचणीत डायक्रोमेट वापरतात, म्हणजे क्रोमियम. क्लोराइडचा अडथळा टाळायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, म्हणजे पारा. तुमच्याच प्रयोगशाळेत ही चाचणी शिकताना आम्ही, तीस-तीस जणांच्या तुकड्या, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतत होतो आणि वरून नळ सोडत होतो. पाणी किती घाण आहे हे मोजायची पद्धत आम्ही पाणी घाण करत शिकलो. तेव्हा कोणाच्याच मनात हे आलं नाही, माझ्याही नाही. मागच्या महिन्यात त्या प्रयोगशाळेत गेले होते. बेसिन तेच आहे. वेगळ्या कॅनमध्ये ते द्रावण साठवून रीतसर विल्हेवाटीला पाठवायला फार मोठा खर्च येत नाही. संस्थेचा सांडपाण्याचा आणि घातक कचऱ्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करा, आणि एका कार्डावर संस्थेच्या वतीने तुम्हीही सही करा.

समारंभाला अजून सात आठवडे आहेत. यावर विद्या परिषदेत चर्चा व्हावी आणि उत्तर लेखी मिळावं, कारणांसहित. नकारच द्यायचा असेल तर द्या, पण प्रत्येक मागणीचं वेगळं कारण द्या. एका 'सबब'मध्ये सहा मागण्या गुंडाळू नका.

आत टेबल मिळालं नाही तर मुलं त्या दिवशी फाटकाबाहेर टेबल मांडणार आहेत आणि मी त्यांच्यासोबत बसणार आहे. कार्डं छापून झाली आहेत. फिती एका विद्यार्थिनीच्या आईने कापून ठेवल्या आहेत. पाऊस आला तर मात्र पोर्चमध्ये उभं राहू द्यावं, ही विनंती.

आपली,
रसायन अभियांत्रिकीची एक माजी विद्यार्थिनी